सग्वारो निवडुंग: धाब्यावर येणारे हमखास विचारतात ते प्रश्न

अमळनेरला आमच्या घराच्या धाब्याच्या, म्हणजे गच्चीच्या, पूर्वेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तीन लहान कुंड्या आहेत. प्रत्येकीत मोठ्या लिंबाएवढा एकेक हिरवा काटेरी गोळा. सात वर्षांचे आहेत ते. दिवाळीला किंवा लग्नसराईत पाहुणे वर आले की आधी गुलाबाकडे जातात, मग कोणीतरी या कुंड्यांपाशी वाकून विचारतं, "हाई काय शे?" (हे काय आहे?) आणि माझी पाऊण तासाची शाळा सुरू होते. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, खोड जात नाही. मुलगी ॲरिझोनात असल्यामुळे हे झाड दोनदा त्याच्या मुलखात जाऊन पाहताही आलं. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

हा नेमका कोणता निवडुंग?

काउबॉयच्या सिनेमात मागे, हात वर केलेल्या माणसासारखा उभा असतो ना, तो. नाव सग्वारो. लिहिताना 'ग' दिसतो, पण तिथली माणसं बोलताना 'सवारो' म्हणतात. मी पहिल्यांदा 'सॅगुआरो' म्हणाले तेव्हा नातीने तिथल्या तिथे कान पकडला.

शास्त्रीय नाव कार्नेजिया जायगँटिया. जॉर्ज एंगलमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला सिरियस नावाच्या मोठ्या गोतावळ्यात बसवलं होतं. १९०८ मध्ये ब्रिटन आणि रोज या दोघांनी त्याची वेगळी प्रजाती केली आणि तिला पोलादाच्या धंद्यातले धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी यांचं नाव दिलं. कार्नेगींच्या संस्थेने १९०३ मध्ये टूसॉन शहराजवळ वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा उघडली होती, त्याची ही परतफेड. आपल्याकडे शाळेच्या खोलीवर देणगीदाराची पाटी लागते, त्यातलाच प्रकार. फक्त ही पाटी चाळीस फूट उंच आणि जिवंत. या प्रजातीत दुसरी जात नाही, सग्वारो एकटाच.

तो वाढतो कुठे? सगळ्या अमेरिकेत?

नाही. सोनोरा वाळवंटात, बस्स. म्हणजे अमेरिकेचं ॲरिझोना राज्य, त्याला लागून मेक्सिकोचं सोनोरा राज्य आणि कॅलिफोर्नियाचा चिमूटभर तुकडा. सिनेमावाले त्याला टेक्सासातही उभा करतात, ते साफ चूक. मसाल्याच्या पाकिटावर राजस्थानच्या वाळूत उंटाशेजारी रंगवतात, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

बांधावरचा आपला निवडुंग याच्याच घराण्यातला का?

इथे जरा थांबू, कारण मराठीत आपण काटेरी आणि मांसल दिसलं की सरसकट 'निवडुंग' म्हणतो आणि दोन वेगळी घराणी एका पंगतीत बसवतो.

कुंपणाला लावलेला त्रिधारी निवडुंग किंवा शेर मोडून पाहा (डोळे सांभाळून, चीक डोळ्यात गेला तर दवाखाना ठरलेला). पांढरं दूध निघतं. ही युफोर्बियाची मंडळी, एरंडाच्या कुळातली. कॅक्टसशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. दोघांवर कोरड्या मुलखात राहायची सारखी पाळी आली आणि दोघांनी सारखाच वेश घेतला, एवढंच.

खऱ्या कॅक्टसची खूण दुसरी. काटे सालीतून सुटे उगवत नाहीत. काट्यांचा प्रत्येक झुबका लोकरीच्या एका बारीक गादीतून निघतो. भिंग घेऊन माझ्या कुंडीतल्या गोळ्याकडे पाहिलं तर ती गादी स्पष्ट दिसते, सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या टिपक्यासारखी. काटे म्हणजे मुळात पानंच, रूप बदललेली.

बांधावरचा फड्या निवडुंग, ज्याला कोणी नागफणी म्हणतं, तो मात्र खरा कॅक्टस, सग्वारोचा चुलतभाऊ. आणि तो आपला नाही. एक अपवाद सोडला तर कॅक्टसचं सगळं कूळ अमेरिका खंडांतलं. फड्या जहाजातून आला. त्याच्यावर एक कीडा पोसला जातो, त्यापासून किरमिजी रंग मिळतो, आणि ईस्ट इंडिया कंपनीला त्या रंगाच्या धंद्यात उतरायचं होतं. १७९५ मध्ये ब्राझीलहून कीडा आणला तोही चुकीचा निघाला. रंग मिळाला हलका, उलट त्या कीड्याने एका जातीच्या निवडुंगाचाच फडशा पाडला. पुढे दुसऱ्या जातींनी दक्षिण हिंदुस्थानात रानंच्या रानं व्यापली तेव्हा, १९२६ मध्ये, त्याच गोत्राचा दुसरा कीडा मुद्दाम सोडून त्यांना आवर घातला गेला. आजही फड्याच्या पानांवर पांढरे कापसासारखे ठिपके दिसतात. काडीने एक चिरडा. बोटाला कुंकवासारखा रंग लागतो.

लहानपणी आम्ही त्याची लाल बोंडं खायचो. जीभ लालभडक व्हायची आणि ओठात कुसळं शिरायची. आई डोक्याच्या तेलाचा हात ओठांवर फिरवायची आणि वर पाठीत एक ठेवून द्यायची.

घरात आणखी कोणता कॅक्टस असू शकतो?

असेलच. ब्रह्मकमळ म्हणून जे तुम्ही कुंडीत लावता, रात्री फुललं की गल्लीतल्या बायकांना बोलावून आरती करता, ते हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे. तो अमेरिका खंडांतल्या जंगलात झाडांवर वाढणारा कॅक्टस. दोन-तीन जणी माझ्यावर रुसल्या होत्या हे सांगितल्यावर. ड्रॅगन फ्रूट हाही कॅक्टसच.

सात वर्षांत लिंबाएवढाच? खत कमी पडतं का?

खताचा काही संबंध नाही. माझे गोळे तर लाडावलेले आहेत. रानात पहिल्या आठ वर्षांत सग्वारो जेमतेम एक ते दीड इंच वाढतो. पस्तिशीच्या आसपास पहिलं फूल. पहिला हात फुटतो पन्नाशी ते पंच्याहत्तरीच्या दरम्यान, फार कोरड्या जागी शंभरीलाही. सव्वाशे वर्षांचा झाला की तो पुरता वाढलेला समजायचा. आयुष्य दीडशे ते दोनशे वर्षं. साधारण उंची चाळीस फूट, काही त्याहून बरेच उंच. काहींना जन्मभर एकही हात फुटत नाही, ते नुसते खांबासारखे उभे.

आपण केळीच्या मुलखातली माणसं. वर्ष-सव्वा वर्षात घड काटायचा, खांब आडवा करायचा, पुढच्या पिलाकडे वळायचं. रावेरहून आलेल्या एका पाहुण्यांना मी म्हटलं, "आबा, याला पहिलं फूल येईल तेव्हा मी शंभरीला टेकले असेन." त्यांनी कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मंग लावं कसाले?" याचं चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

वय कसं ओळखतात?

खोड कापून वर्तुळं मोजता येत नाहीत, तशी ती नसतातच. त्या त्या भागातला वाढीचा वेग ठाऊक असला की उंचीवरून अंदाज बांधतात.

आत पाणी भरलेलं असतं ना? कसं काय साठवतो?

त्याचं अंग पाहिलं की लुगड्याच्या निऱ्या आठवतात. वरपासून खालपर्यंत उभ्या घड्या. पाऊस पडला की घड्या उलगडतात, झाड फुगतं. कोरड लागली की घड्या पुन्हा मिटतात. साल फाटत नाही, कारण सैल कापड आधीच शिवून ठेवलेलं आहे. एका चांगल्या पावसात मोठा सग्वारो दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास पाणी ओढू शकतो. धाब्यावरची हजार लिटरची टाकी पाऊणभर. पूर्ण प्यालेल्या मोठ्या झाडाचं वजन दीड ते दोन टनांच्या घरात जातं.

आणि मुळं? मला वाटलं होतं पाताळात गेली असतील. एकच सोटमूळ दोन-अडीच फूट खाली जातं. बाकीची सगळी मुळं जमिनीच्या वरच्या चार ते सहा इंचांत, झाड जेवढं उंच तेवढ्या अंतरापर्यंत चारी बाजूंना पसरलेली. तिथला पाऊस खोल मुरतच नाही, मग खाली जाऊन करायचं काय? जे पडेल ते वरच्या वर टिपायचं. शेजारीशेजारी सग्वारो अंतर ठेवून का उभे असतात, तेही इथेच कळतं.

एवढं वजन पेलायला आत लाकडी कांबींचा पिंजरा असतो. झाड मेलं की मांस गळून जातं आणि त्या कांब्या उभ्या राहतात, पाचरट काढलेल्या मांडवाच्या बांबूंसारख्या.

मग तहान लागली तर कापून पाणी प्यावं का?

अजिबात नाही. आत माठ नाही, बुळबुळीत गर आहे, त्यात आम्ल आणि अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं. उलट्या होतील आणि अंगातलं आहे तेही पाणी जाईल.

झाड म्हटलं की पानं हवीत. पानं नाहीत तर अन्न कोण तयार करतं?

खोडच. म्हणून तर ते हिरवं आहे. पण खरी गंमत वेळेची आहे, आणि सग्वारो समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट समजली पाहिजे.

आपली कपाशी, केळी, लिंब दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. छिद्र उघडं म्हणजे आतली ओल बाहेर. मे महिन्यात भर दुपारी दार उघडं टाकण्यासारखं. सग्वारो दिवसा सगळी दारं लावून बसतो. रात्री गारवा आला की उघडतो, कार्बन डायऑक्साइड घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवतो. सकाळी दारं बंद, आणि साठवलेल्या मालावर उन्हात कारखाना चालू.

ही रीत फक्त निवडुंगाची नाही. तुमच्या अंगणातली पानफुटीही हेच करते. कंपनी सरकारच्या काळात दक्षिण हिंदुस्थानात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या जिभेला ते प्रथम जाणवलं. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट, असं त्याने १८१३ मध्ये पत्रातून लंडनला कळवलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, म्हणून चव बदलते. शाळेत मी दरवर्षी हा प्रयोग करून घ्यायचे. पानाचा कण जिभेवर टेकवायचा आणि थुंकायचा. सकाळच्या तुकडीतली मुलं तोंड वाकडं करायची, दुपारची मुलं "मॅडम, कसलीच चव नाही" म्हणायची. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीने जे वर्षभर डोक्यात शिरलं नाही, ते त्या कणभर पानाने पाच मिनिटांत शिरायचं.

काटे राखणीसाठीच ना?

राखण आहेच, पण सावली हे काट्यांचं दुसरं मोठं काम. हजारो काटे मिळून सालीवर जाळी धरतात. शेंड्यावर ते दाट असतात, कारण तिथला कोवळा कोंब ऊन आणि गारठा दोन्हींपासून जपायचा असतो.

"आठे इतलं तपस, मंग हाई झाड आठे का बरं नही?"

म्हणजे, इथे एवढं तापतं, मग हे झाड इथे का नाही? सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराचाही जूनमध्ये जातो. मग अडचण कसली?

पहिली अडचण पावसाची. आपल्याकडे साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. टूसॉनला वर्षाचा २८० ते ३०० च्या आसपास, दोन हप्त्यांत: अर्धा-अधिक उन्हाळ्याच्या शेवटी वादळी सरींचा, ज्याला तीही माणसं 'मान्सून'च म्हणतात, आणि बाकीचा हिवाळ्यात रिमझिम. आपल्या श्रावणाची झड लागली की सग्वारोचं बूड सडतं.

दुसरी, माती. आपली काळी पाणी धरून बसते. कपाशीला ते वरदान, याला मरण. त्याला टेकडीचा उतार आणि मुरमाड, खडकाळ जमीन लागते. सातपुड्याच्या पायथ्याला तशी जागा आहे, पण झडीचं काय करणार?

तिसरी गोष्ट मला उशिरा उमगली. आपण समजतो वाळवंटातलं झाड म्हणजे उन्हाचा पैलवान. तो पैलवान आहे तो रात्र गार असते म्हणून. वर सांगितलं तसं त्याची दारं रात्री उघडतात. रात्रच तापलेली राहिली तर ती नीट उघडत नाहीत, झाड गुदमरतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर गेला आणि रात्रीही तापमान उतरेना, तेव्हा शहरातले जुने सग्वारो हात गाळू लागले, काही आडवे झाले. मुलीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता: रस्त्याच्या कडेला एक तुटलेला हात, माणसाच्या उंचीचा, आतून ओला आणि काळपट. वैशाखात आपल्याकडे धाब्यावर झोपूनही घाम येतो त्या रात्री मी टाकीजवळच्या कुंड्यांकडे पाहते तेव्हा तो फोटो आठवतो.

थंडीचं म्हणाल तर धुळ्याचा पाच-सहा अंशांचा गारठा तो सोसतो. पाणी गोठेल इतकी थंडी दिवस उजाडूनही हटली नाही, तर मात्र मरतो.

फुलं कधी येतात?

तिथे मे-जून. हातांच्या आणि मुख्य खोडाच्या टोकावर, पांढरी, मेणाची केल्यासारखी, तीनेक इंच रुंद. रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिटतात, पुन्हा उघडत नाहीत. एकेका फुलाचं आयुष्य चोवीस तासही नाही. १९३१ पासून हे ॲरिझोनाचं राज्यफूल आहे.

फुलं चाळीस फुटांवर, मग दिसणार कशी? आमच्या नशिबाने टूसॉनजवळ एक सग्वारो भेटला, ज्याचा एक हात कधीतरी कडाक्याच्या थंडीने लुळा पडून खाली वाकला होता आणि तरीही टोकाला फुलला होता. सकाळचे सात. नाक जवळ नेलं तर जास्त पिकलेल्या खरबुजासारखा वास. आत परागांची नुसती गर्दी आणि त्यात चार-पाच मधमाश्या अंगभर पिवळ्या होऊन लोळत होत्या.

तो वास मधमाश्यांसाठी कमी, वटवाघळांसाठी जास्त. मेक्सिकोतून लांब नाकाची छोटी वटवाघळं फुलांच्या मागावर उत्तरेला येतात, रात्री फुलात तोंड घालतात आणि परागकण इकडचे तिकडे करतात. एकेकाळी ती अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत होती. संख्या सावरल्यावर २०१८ मध्ये यादीतून बाहेर पडली. रात्री राहिलेलं काम सकाळी मधमाश्या आणि पांढऱ्या पंखांचे होले उरकतात.

फळ लागतं का? खातात?

लागतं, आणि फुटलं की आतून इतकं लाल दिसतं की लांबून दुसरं फूलच वाटावं. एका फळात दोन हजारांपर्यंत बिया, खसखशीपेक्षा जरा मोठ्या, काळ्या. एक झाड जन्मभरात चार कोटींच्या घरात बिया टाकतं असा अंदाज सांगतात. त्यातली बोटांवर मोजण्याइतकी झाडं झाली तरी पुष्कळ. फळं पिकतात ती पावसाच्या तोंडावर, म्हणजे बी पडलं की ओल तयार. आपण मृगाकडे डोळे लावून पेरणी करतो तसंच.

त्या मुलखातले मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम. त्यांचं नवं वर्ष या फळांच्या काढणीपासून सुरू होतं. मेलेल्या सग्वारोच्या लाकडी कांब्या एकीला एक बांधून लांब आकडा करायचा आणि त्याने जिवंत सग्वारोची फळं पाडायची. गर आटवून काकवीसारखा पाक करतात, आणि त्याचीच हलकी दारू आंबवून पावसाला बोलावण्याच्या विधीत पितात. पाक मी चाखला: अंजीर आणि गूळ यांच्या मधला काहीतरी. दारू चाखली नाही, ती देवाची. पाऊस लांबला की आपल्या गावांतून कडुलिंबाचा पाला नेसवून धोंडी काढतात, दारोदार तिच्यावर पाणी ओततात. मागणं एकच.

त्याच्या खोडावर भोकं का असतात? कीड?

कीड नाही, सुतार पक्षी. ओल्या खोडात तो घर कोरतो, पण लगेच राहायला जात नाही. झाड त्या जखमेभोवती आतून टणक साल चढवतं, त्याला काही महिने लागतात. ते वाळलं की घर तयार: बाहेर चटका, आत गार. सुतार पक्षी दर वर्षी नवं कोरतात आणि जुन्यात भाडेकरू येतात. त्यात आपल्या चिमणीहून आखूड अंगाचं एक घुबड आहे, जगातलं सगळ्यात छोटं. झाड मरून कुजलं तरी ती टणक पोकळी बुटासारख्या आकारात शाबूत राहते. पूर्वी तिथली माणसं तिचा भांड्यासारखा उपयोग करत.

लहान रोप तिथल्या उन्हात जगतं कसं?

दुसऱ्याच्या सावलीत. पालो वर्दे, आयर्नवूड, मेस्किट या झाडांखाली बी रुजतं आणि कित्येक वर्षं तिथेच लपून वाढतं. यातलं मेस्किट आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. बोरी नदीच्या काठाने जी वेडी बाभूळ माजली आहे, तीही अमेरिका खंडांतूनच आलेली. आपण तिला शिव्या घालतो, तिकडे तिची बहीण सग्वारोची दाई.

तुम्ही कसे वाढवलेत?

बंगलोरच्या एका छंदी ओळखीतून वीस बिया मिळाल्या. तेरा उगवल्या. पहिल्या श्रावणात झड लागली तेव्हा मी लग्नाला नाशिकला होते. परत आले तर आठ रोपं कढीपत्त्याच्या चटणीसारखी झालेली. पुढच्या मे महिन्यात दोन उन्हाने भाजली, कारण "वाळवंटातलं झाड, त्याला काय ऊन!" असा माझाच शहाणपणा. राहिली तीन.

आता मिश्रण असं: निम्मा मुरूम आणि विटांचा चुरा, पाव धुतलेली जाड वाळू, पाव जुनं पानांचं खत. मातीचीच कुंडी, बुडाला मोठं भोक. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाणी, तेही संध्याकाळी. जून ते सप्टेंबर कुंड्या पत्र्याच्या पडवीत. थंडीत पाणी जवळपास बंद. एप्रिल-मे वर हिरवी जाळी. ड्रॅगन फ्रूटवाले शेतकरीही आता उन्हाळ्यात जाळी टाकतात, कारण तेही झाड आपल्या मे महिन्यात पिवळं पडून भाजतं.

ऑनलाइन 'सग्वारो' मिळतो, घ्यावा का?

मी घेतला होता, सहाशे रुपयांना. खोक्यातून गोल गुबगुबीत भलताच कॅक्टस निघाला, वर गुलाबी फूल. फूल आठवडाभर जसंच्या तसं. संशय आला म्हणून चिमटीत धरून ओढलं तर खाली गोंदाचा थेंब. वाळवलेलं फूल चिकटवलेलं होतं! पैसे परत मागितले तर उत्तर आलं, झाड जिवंत आहे ना, मग तक्रार कसली.

हातभर उंचीचं रोप स्वस्तात दिसलं तर ते बहुधा दुसऱ्याच जातीचं. शिवाय कॅक्टसचं जवळपास सगळं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली येतं, परदेशातून रोप आणायचं तर कागदपत्रं लागतात. ॲरिझोनात तर स्वतःच्या जागेतला सग्वारो हलवायलाही परवानगी काढावी लागते. तरी चोऱ्या होतात, म्हणून टूसॉनच्या दोन्ही अंगांना असलेल्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानात काही झाडांच्या अंगात छोटी चिप बसवली आहे. १९३३ मध्ये ते राखीव स्मारक झालं, १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान.

वास्तूला चालतो का? कॉम्प्युटरची किरणं शोषतो म्हणे?

किरणं शोषत नाही. वास्तूचं मला कळत नाही. दारात ठेवू नका हे मात्र मीही सांगेन. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धोतराला, पदराला काटे लागतात.

सग्वारो नामशेष होतोय का?

आज तरी नाही, झाडं लाखोंनी आहेत. काळजी आहे ती लांबलेल्या दुष्काळाची, तापलेल्या रात्रींची आणि एका गवताची. ते गवत म्हणजे आपलं अंजन! जनावरांना चारा आणि मातीला धरबंद म्हणून तिकडे नेलं, आफ्रिकेतलं बियाणं, पण हेच गवत आपल्याही माळांवर उगवतं. तिथल्या वाळवंटात झाडांमधली जमीन उघडी असायची, वणवा लागला तरी पसरायला धागा नसायचा. अंजनाने तो धागा पुरवला. सग्वारोला आगीची सवय नाही, एका वणव्यात दीडशे वर्षांचं झाड जातं. त्यांचा फड्या आपल्या बांधावर, आपलं गवत त्यांच्या टेकडीवर.

बी किंवा रोप मिळेल का तुमच्याकडून?

नाही हो. तीनच आहेत आणि फूल यायला अजून अठ्ठावीसेक वर्षं. बघायला मात्र कधीही या. उन्हाळ्यात यायचं तर सकाळी सातच्या आत, नंतर धाब्यावर पाय ठेववत नाही. आणि येताना पायात चप्पल असू द्या, लहान मुलांचा हात धरा. मधल्या कुंडीच्या कडेला चार काटे बाहेर आलेत, ते दिसत नाहीत.